हात की मशीन

स्क्रूमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. कॉम्प्युटर उघडून पुन्हा बंद केला की एखाददुसरा स्क्रू त्यांच्या खिशात शिल्लक राहायचाच, आणि तरी मशीन चालायचं. कुणी हटकलंच, तर कंपनीवाले उगाच जास्तीचे स्क्रू लावतात असं सांगून ते मोकळे व्हायचे. कामात माणूस हुशार होता, यात वाद नाही. फक्त स्वतःचं काही चुकलंय हे कबूल करायची वेळ आली की त्यांना नेमकं दुसरीकडे कुठेतरी जायचं असायचं.

त्या दिवशी सकाळी त्यांना एका बस ड्रायव्हरच्या बायकोचा फोन आला. गेम अडकतोय, आजच येऊन बघा, उद्या येऊन उपयोग नाही, असं ती म्हणाली. गेमसाठी इतकी कासावीस झालेली पन्नाशीची बाई मास्तरांच्या अनुभवात नव्हती. पण घर ओळखीचं होतं. तीनच महिन्यांपूर्वी त्यांनी तिथल्या मशीनमध्ये पडद्यावरची चित्रं काढणारं दुसरं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं.

ड्रायव्हरदादांनी सव्वीस वर्षं शहरात बस चालवली होती. आठ महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि उजवा हात लुळा पडला. बोलणं शाबूत राहिलं, पायही सावरला, हात मात्र सावकाश परतत होता. परगावी नोकरीला असलेल्या मुलाने बस चालवायचा गेम, स्टिअरिंग आणि पेडल असं सगळं घरी पाठवलं. व्यायाम घेणाऱ्या बाईंनीही त्याला मान डोलावली. तेव्हापासून दादा रोज सकाळी पडद्यावरच्या शहरातून बस काढायचे. वाटेत दहा ठिकाणी कुणीतरी अचानक समोर यायचं, त्याला वाचवायचं, एवढाच सराव.

डेपोने माणुसकी दाखवली होती. पुन्हा बसवर यायचं असेल तर सोमवारी अशाच एका यंत्रावर चाचणी द्यायची, दहापैकी सात जमले की पास. नाहीतर वेळापत्रकाच्या टेबलावर कायमची बदली. काय ते आज पाच वाजेपर्यंत लेखी कळवायचं होतं. बदलीचा अर्ज लिहून तयार होता. तो चष्म्याच्या घराखाली दाबून ठेवला होता, फक्त सही राहिली होती.

"मशीनला काही झालेलं नाही," दादा म्हणाले. "हिच्या समाधानासाठी बघा. माझा हातच ऐकत नाही."

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही, मास्तरांकडे पाहिलं. दोष मशीनचाच निघू दे, एवढंच त्या नजरेत होतं, आणि मास्तरांना ते फार जड गेलं. त्यांनी बॅग उघडून कामाला सुरुवात केली.

आधी धूळ झटकली. पंखे फिरत होते. कार्डं तापत होती, पण भलतीसलती नाही. वायरी घट्ट होत्या, वीजही पुरेशी मिळत होती. कार्डांचं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं, त्यात एक तास गेला. गेम सुरू केला, तर कोपऱ्यातला आकडा सेकंदाला शंभराच्या वर चित्रं दाखवत होता. पूर्वी एकाच कार्डावर हा आकडा साठाच्या आसपास असायचा. मास्तरांना बरं वाटलं, कारण आपण बसवलेलं कार्ड इमानेइतबारे राबताना दिसत होतं. मग नेमकं घोडं पेंड खातंय कुठे, ते काही कळेना.

दादांनी एक फेरी मारून दाखवली. चौकातून एक बाई अचानक रस्त्यात आली. दादांनी स्टिअरिंग वळवलं, बस तिच्या अंगावरून गेली. पुढे एक सायकलवाला, तोही गेला. दहापैकी चार वाचले. दादांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एवढंच.

वहिनींनी मग एक वही आणून मास्तरांच्या पुढ्यात धरली. रोजच्या सरावाचे आकडे त्यात त्या लिहून ठेवत. सुरुवातीला दोन, तीन, मग पाच, सहा, आणि एका आठवड्यात ओळीने सात, सात, आठ. नंतर एकदम चार. तिथून पुढे पानंच्या पानं चार आणि पाच.

"इतका छान परतत होता हो हात," त्या म्हणाल्या. "इथे काय झालं, तेच कळत नाही. डॉक्टरांनाही विचारलं."

मास्तरांनी आठानंतरच्या त्या पहिल्या चाराची तारीख पाहिली. दुसरं कार्ड त्यांनी त्याच्या आदल्याच दिवशी बसवलं होतं, तो दिवस त्यांना चांगलाच आठवत होता. मुलाने फोनवर विचारलं होतं, अजून चांगलं चालावं म्हणून काही करता येईल का. त्यावर मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की एकाची दोन कार्डं केली की मशीन नुसतं पळेल. दोन कार्डं घालून बाबांची सोय केली, म्हणून पोरगंही खूश होतं.

ते दादांच्या खुर्चीत बसले. स्वतःचे दोन्ही हात धडधाकट असताना त्यांनी स्टिअरिंग झटकन वळवलं. बस क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि मग वळली. एरवी हा क्षण त्यांच्या लक्षातही आला नसता. त्यांनी मोबाइल उभा करून हात आणि पडदा दोन्ही एकत्र टिपले, आणि ते चित्रण सावकाश लावून पाहिलं. हात वळून जायचा, चित्र मागाहून यायचं. आकड्याने सगळ्यांना फसवलं होतं. दोन कार्डं आळीपाळीने चित्रं काढत होती, आणि दोघांनाही हाताशी काम राहावं म्हणून मशीन चित्रांची रांग लावून ठेवत होतं. चित्रं जास्त येत होती, पण शिळी. शिवाय एक लवकर, एक उशिरा. गर्दीच्या चौकात तर ती ठेचकाळत होती, आणि वरचा आकडा हे सगळं सपाट करून दाखवत होता.

आता काय सांगायचं? सेटिंग बिघडलं होतं, केलं दुरुस्त, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणालाही कळलं नसतं. मास्तरांच्या जिभेवर ते वाक्य आलंही होतं. पण माणूस तीन महिने रोज सकाळी उठून आपला हात निकामी होताना बघत होता, आणि तो हात निकामी झालाच नव्हता. मास्तरांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"दादा, चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी बसवलेल्या कार्डामुळे चित्र उशिरा येतंय. तुमचा हात वेळेवर वळतोय."

मास्तरांनी मशीन बंद केलं, दुसरं कार्ड उपसून बाहेर काढलं आणि पुन्हा सुरू केलं. कोपऱ्यातला आकडा धपकन साठावर आला. ते बघून वहिनींचा चेहरा पडला, आणि तुम्ही आकडा बघू नका, बस बघा, असं मास्तरांना त्यांना सांगावं लागलं.

दादा खुर्चीत बसले. पहिल्या चौकात बाई आली, बस हातासरशी वळली, बाई वाचली. दादांनी मान वर करून एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. सायकलवाला वाचला. शाळेसमोरची पोरं वाचली. वहिनी वहीत रेघा मारत होत्या आणि दर रेघेला पेन जास्तच दाबत होत्या. नवव्या ठिकाणी एक म्हातारा काठी टेकत फुटपाथवरून उतरला. दादांनी त्याला पाहिलं, हात उचलला, पण बोटं जरा उशिरा आवळली गेली आणि म्हातारा गेला. दहावा वाचला.

"नऊ!" वहिनी म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपत खुर्चीवर बसल्या.

मास्तरांचाही जीव भांड्यात पडला. सातच लागतात दादा, तुम्ही तर नऊ काढलेत, असं ते दोनदा म्हणाले. चित्र आता वेळेवर येत होतं ना, एवढंच दादांनी विचारलं. मास्तरांनी तोच मोबाइल लावून म्हाताऱ्याचं ठिकाण पुन्हा खेळवलं, आणि खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. चित्र वेळेवर होतं.

"म्हणजे तो माझा," दादा म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, एकच तर आहे, आणि सरावाने तोही जाईल. दादांनी हो म्हटलं, जाईलही. मग त्यांनी चष्म्याचं घर बाजूला सारलं आणि अर्ज पुढे ओढला.

"चाचणीला सात लागतात गं. पण रस्त्यावर जो म्हातारा येतो, तोही घरीच निघालेला असतो. चाचणी सोमवारी आहे, बस मंगळवारी. आणि आज नऊच वाचलेत, दहा नाहीत."

वहिनींनी त्यांचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं, आणि शेवटी सोडलं. त्यांनीच पेन पुढे केलं.

मास्तर बॅग आवरू लागले. आपण येऊन काहीच उपयोग झाला नाही, असं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटले. पाच वाजायला अजून दीड तास होता.

"झाला की," दादा उजव्या हातात पेन नीट बसवत म्हणाले. "सकाळी केली असती, तर हात गेला म्हणून केली असती. आता हात असून सही करतोय."