उचलणारी बाई

"लंकाबाईला बोलवा," सरिता सिस्टरनं जिन्यातून हाक दिली. वीज गेली होती, जनरेटरवर फक्त ऑपरेशन थिएटर चालायचं, लिफ्ट बंद पडली होती आणि अपेंडिक्सच्या पेशंटला तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनला न्यायचं होतं. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर फिरत नसे. अशा वेळी नाशिकरोडच्या त्या लहानशा दवाखान्यात लंकाबाईच लागे. पावणेसहा फूट उंच, अंगानं दांडगी आया.

ती खाली आली आणि थबकली. बाकावर पोट धरून जयराम कण्हत होता. तिचा नवरा. शेजारी मैना. जिच्यासाठी त्यानं नऊ वर्षांपूर्वी लंकाला घराबाहेर काढलं, ती. बारकी, त्याच्या कानाला लागेल एवढीच.

लग्नात अंतरपाटाआड जयराम दोन पाट एकावर एक ठेवून उभा राहिला, तेव्हा अख्खा मांडव हसला होता. ते हसणं त्यानं अकरा वर्षं तिच्यावर काढलं. सिन्नरच्या कारखान्यातले मित्र घरी आले की म्हणायचा, "आमची म्हैस बघा. दावं बी लागत नाय." मित्र हसायचे, तीही हसायची. मारायच्या आधी तो तिला खाली बसवायचा, कारण उभी असली तर त्याचा हात पोचत नसे. आणि ती बसायची. एवढ्या धिप्पाड पोरीला नवरा मिळाला हेच नशीब, असं आईनं सांगून पाठवलं होतं.

"दुसरं कोणी नाय का?" जयराम सिस्टरला म्हणाला. "ही बाई नको."

"घाबरू नका हो. आमच्या लंकाबाईनं आजवर कुणाला पाडलं नाही."

लंकानं एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घातला आणि त्याला उचललं. एवढाच? अकरा वर्षं आपण भ्यालो, तो एवढाच?

दुसऱ्या मजल्यावर कठड्यापाशी ती उभी राहिली. दमली नव्हती. नुसती खाली बघत राहिली. जयरामनं तिचा पदर मुठीत आवळला.

"लंके, पाडू नको."

"गप पड," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं होतं. मागून त्याच्या चपला घेऊन येणारी मैना दोन पायऱ्या खालीच थांबली.

वर सिस्टर भुलीच्या डॉक्टरांसाठी कागद भरत होती. "काट्यावर उभं राहता येणार नाही यांना. लंकाबाई, वजन किती असेल?"

"अठ्ठेचाळीस."

"आणि उंची?"

"पाच-चार," तेवढ्या कळांतही जयराम घाईनं म्हणाला.

सिस्टरनं लंकाकडे पाहिलं. मैनानंही पाहिलं.

"पाच-एक," लंका म्हणाली. "लिहा."

जयरामनं भिंतीकडे तोंड फिरवलं. लंकानं त्याच्यावर चादर घातली. पायांपुढे चांगली हातभर उरली. तिनं ती नीट दुमडून गादीखाली खोचली आणि पुढच्या पेशंटला आणायला खाली गेली.