बँकॉकला गेलेले तिचे ड्रेस

मी निळी बॅग बोलतेय, सुरतच्या पांडेसऱ्यातल्या एका खोलीतून, पलंगाखालून. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. मला आठवतं ते सुरत स्टेशनसमोरचं दुकान, आणि मला उघडून आत हात फिरवणारी हर्षदा. तिच्या लग्नाला महिनाही झाला नव्हता.

"दोघांचं मावेल ना?" तिने विचारलं.

"तुझंच मावलं तरी पुष्कळ," धर्मेंद्र हसला.

धर्मेंद्र सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होता. बायकोला विमानात बसवायचं म्हणून त्याने सगळ्यात स्वस्तातली बँकॉकची सहल ठरवली. हर्षदाने माझ्यात डावीकडे त्याचे शर्ट ठेवले आणि उजवीकडे आपले चार नवे ड्रेस. सासरी साडीच नेसावी लागे. ड्रेस घालायला मिळणार होते ते फक्त तिकडे.

तिकिटं द्यायला एजंट किसनभाई घरी आला, तेव्हा मी कोपऱ्यातच उभी होते.

"भाभीची दहावी झालेली नाही, म्हणून पासपोर्टवर 'परदेशी जाण्याआधी सरकारी परवानगी हवी' असा ठप्पा आहे," तो म्हणाला. "मुंबईच्या ऑफिसातून सूट घ्यावी लागेल. एक दिवस काढा."

"तो नियम ज्यांना परदेशात मजुरीला नेऊन फसवतात त्यांच्यासाठी," धर्मेंद्र म्हणाला. "हिच्या हातावरची मेंदीसुद्धा उतरली नाही. गळ्यात मंगळसूत्र आहे. हिला कोण अडवणार?"

"साहेब मंगळसूत्र वाचत नाही, भाई."

धर्मेंद्रने ते हसण्यावारी नेलं. मिलमध्ये आणखी एक रजा मागायची त्याला भीड वाटत होती.

मुंबईच्या विमानतळावर माझ्या कानाला धर्मेंद्रच्या नावाची चिठ्ठी बांधली आणि मला सरकत्या पट्ट्यावर ठेवलं. हर्षदाने कोणाचं लक्ष नाही असं बघून मला हळूच टाटा केला.

बँकॉकला मला उचलायला एकटा धर्मेंद्र आला. मला वाटलं, ती पाणी प्यायला गेली असेल.

काय झालं ते मला हॉटेलच्या खोलीत कळलं. सहलीतला, सुरतच्याच उधन्याचा निंबा त्याच्याबरोबर राहत होता. त्याला धर्मेंद्र सांगत होता, "ठप्पा बघून विमानतळावरचा साहेब म्हणाला, तुम्ही जाऊ शकता, ह्या नाही. ती म्हणाली, तुम्ही जा. आम्हाला सोडायला आलेला माझा भाऊ योगराज बाहेर थांबलाच होता, त्याच्याबरोबर गेली घरी."

"आणि तू आलास?"

"तीच म्हणाली ना, जा म्हणून."

"बायका म्हणतात रे तसं."

 त्यानंतर रोज सकाळी धर्मेंद्र डावीकडून एक शर्ट काढायचा. उजवीकडे त्याचा हात गेला नाही. जिचे कपडे तिला सोडून मी समुद्रापार आणले होते, तिच्याकडे अंगावरच्या साडीशिवाय प्रवासाचं काहीच नव्हतं. ते मलाही टोचत राहिलं.

परत आलो तेव्हा शेजारच्या सरलाबाई दारातच होत्या. "काय वं हर्षदा, मुंबईहून तुलेच पार्सल करी दिनं का नवऱ्यानं?"

हर्षदा पदर तोंडाला लावून हसली. धर्मेंद्रने मान खाली घातली.

दोघंच उरल्यावर तो म्हणाला, "चुकलं माझं. किसनभाईने सांगितलं होतं."

"ते मीही ऐकलं होतं. त्याचं काही नाही."

"मग?"

ती माझ्यातून ड्रेस काढत होती. घडीसुद्धा मोडली नव्हती. "मी जा म्हणाले, तर तुम्ही एकदाही नको म्हणाला नाहीत."

ते ड्रेस तिने नणंदेला, योगिताला दिले. "घाल गं. बँकॉक बघून आलेत."

पुढच्या सुट्टीत मिलमधली मंडळी सापुताऱ्याला निघाली. "तुम्ही जा," हर्षदा म्हणाली. तो गेला नाही. दिवसभर तिच्या अवतीभवती घुटमळला, पाणी भरलं, भाजी निवडली. 

आता माझ्यात गोधड्या असतात. दिवाळीला धर्मेंद्र मला बाहेर ओढून पुसतो आणि न उघडताच परत आत सरकवतो. मी साधी बॅग आहे, मला कोण विचारतो? तरी सांगते. कोणी तुम्हाला "जा" म्हणाली, तर आधी तिच्या तोंडाकडे नीट बघा.