प्रागमधला अबोला

कमलबाई, फोटो मागून बघ, आधी ऐक. फोटोत सगळे हसून राहिले म्हणून तुला वाटंल, काय मजा केली असंल ह्या सत्यभामानं! अगं बाई, त्या प्राग शहरात बापलेकीच्या मधी माझं दिवसभर पीठ झालं.

तुला ठाव हाय, आमचे हे दीड वर्ष शीलासंग बोलत न्हवते. तिला पुण्याच्या कंपनीनं आठ दिवसांत तिकडं धाडलं, आन् हे तवा मेंढरं चारायला वाशिमच्या अंगाला गेलेले, संग फोनबी न्हाई. दिराला, रामप्रसादला, हुडकायला धाडलं. त्यो कनेरगाव नाक्याच्या पुढंपर्यंत फिरून हात हलवत माघारी आला. महिन्यानं हे घरी आले तं पोरगी गेलेली. "बापाला सांगून जावं वाटलं न्हाई तिला," एवढंच बोलले आन् तोंडाला कुलूप. तिचा फोन आला की उठून मेंढरांत जायचे. आता लेकरानं काय इमान थांबवून ठिवावं? पण ह्यांचा राग म्हणजे करडईचा काटा, दिसतबी न्हाई आन् निघतबी न्हाई.

तिकिटं शीलानंच धाडली. हे म्हणे, मी येत न्हाई. म्हणलं, नका येऊ, मी एकटी जाते. तवा कुठं गडी पटका बांधून तयार. म्हणे, "तू हरवशील."

रविवारी शीला आमाला शहर दाखवायला निघाली. बापासाठी तिनं मऊ बूट आणून दाराशी ठिवले व्हते. ह्यांनी ते वलांडले आन् आपल्या खिळं ठोकलेल्या वहाणाच पायात घातल्या. तिथले रस्ते सगळे घडीव दगडाचे. वहाणा अशा खाट खाट वाजायच्या की गोरे लोक वळून बघायचे, आन् हे आपले मिशीवर हात फिरवत पुढं.

एका चौकात जुनं घड्याळ हाय. तास झाला की वरल्या खिडकीतनं बाहुल्या फिरतेत. शीला म्हणे, "आई, आबाला सांग, हे सहाशे वर्षांचं जुनं हाय." आन् आबा तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभे! मी सांगितलं. तं हे म्हणे, "तिला इचार, टायम बराबर दाखवतं का?" मी तेबी इचारलं. मग मात्र माझं डोस्कं सणकलं. म्हणलं, "मी काय तुमच्या दोघांची टपालवाली हाय का?" पोरगी हसली. ह्यांची मिशी हलली.

मग टेकडावरचा राजवाडा. हे तं मेंढरामागं जलम काढलेले, सरसर वर गेले. पोरगी खुर्चीत बसून काम करणारी, ती धापा टाकत मागं. वर गेल्यावर माझ्या कानाशी म्हणतेत, "काय खाऊन राहिली ही? वाळून गेली." म्हणलं, "काहून मला पुसता? लेकीलाच इचारा की." तं नदीकडं तोंड करून उभे राहिले. हट्टी माणूस, काय सांगू तुला! माया पोटात मावत न्हाई आन् व्हटावर येत न्हाई.

उतरताना एक मोठं चर्च लागलं. शीला पाणी आणायला गेली व्हती, म्हणे तुमी आत जाऊन बसा. आता देवाचं घर, मग कुणाचाबी का देव असंना, पायताण घालून आत कसं जायचं? एका जत्रंत माझी नवी चप्पल गेली, तवापासून मी आपलं पायताण पिशवीत घालते. हे म्हणे, "देवाच्या दारातून कोण नेतंय?" वहाणा पायरीवर बराबर जोडून ठिवल्या, हात जोडले, आत घटकाभर बसलो. लोक आमच्या पायांकडं बघून राहिले. बाहेर येतो तं वहाणा गुल! झाडणाऱ्यानं कचरा म्हणून उचलल्या असतील. पायताण बाहेर सोडायची तिथं रीतच न्हाई, हे आमाला काय ठाव?

शीला आली, कपाळाला हात लावला. "आई, आबाला म्हण, इथंच थांबा, मी दुसऱ्या आणते."

"तिला म्हणावं, काही गरज न्हाई. आमी अनवाणी चालत आलो जलमभर." आन् निघाले की तरातरा! पुढं हे, मधी मी, मागं शीला. नदीवर लांबलचक पूल, दोन्ही कडंनं दगडाचे साधुसंत उभे. ऊन कडक, दगड तापलेला. पाय भाजून राहिलेले मला चालण्यावरून कळत व्हते, पण बोलतील ते हे कसले?

पुलाच्या मधी आलो तं मागनं शीलाच्या बुटाचा आवाज बंद झाला. हे वळले. मीबी वळले. पोरगी बूट हातात धरून अनवाणी चालून राहिलेली, डोळ्यांत पाणी आन् तोंड घट्ट मिटलेलं. बापाचीच जात!

"शीले!" हे असे वरडले की बाजूची माणसं दचकली. "घाल आधी पायात! काच-बीच भरंल, लेकरा!"

दीड वर्षानं कानावर आलेला बापाचा शब्द, कमल. पोरगी तिथंच रस्त्यात बसली आन् हमसून हमसून रडली. हे तिच्यासमोर उकिडवे बसले, पटक्याच्या सोग्यानं तिचे तळवे पुसले, सोताच्या हातानं बूट घातले. पाच वर्षांची असताना शाळंत धाडायला घालायचे, तसे. म्हणे, "मी काय तुला आडवणार व्हतो का गं? नुसतं येते म्हणली असतीस, तं मन भरलं असतं."

तिनं मान हलवली, डोळे पुसले. मग मलाच रडू फुटलं, दोघांचाबी राग आला, लाडबी आला.

पूल वलांडला, तं तोंडालाच चपलांचं दुकान व्हतं. म्हणलं, "शीले, जा, आण बापाला काहीतरी." ह्यांनी या वक्ताला न्हाई म्हणलं न्हाई. कठड्याशी सावलीला बसले. पोरगी चार पावलं गेली, थांबली आन् परत आली. बापासमोर वाकली, पायाला हात लावला.

"आबा, येते मी."

अगं, समोरच तं दुकान व्हतं! पण ह्यांनी सोगा डोळ्याला लावला आन् म्हणाले, "ये, माय. लवकर ये."