धुऊन मांडलेला उतार

पुरातत्त्व खात्यात काम करणारी ताई नदीकाठी आली आणि समोरचं दृश्य बघून जागीच थिजली. पूल नव्हते तेव्हा गाड्या जिथून नदी ओलांडायच्या, तो जुना फरसबंद उतार नव्या पुलाच्या कामात यंत्राने उकरला गेल्याचा निरोप तिला मिळाला होता. उद्या तिथे काँक्रीट पडणार होतं. त्याआधी उरलंसुरलं मोजून, रेखाटून ठेवायचं होतं. ढिगारा बघायची तिने मनाची तयारी केली होती. पण इथे तर सगळे दगड स्वच्छ धुतलेले, एकाला एक लावून ओळीने मांडलेले!

"कसं काय, ताई?" कामावरचा मुकादम हेल्मेट काखेत मारून पुढे आला. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. "तू येणार कळलं आणि काल दिवसभर माणसं लावली. ब्रशने घासून घेतलेत. म्हटलं, तुझ्या फोटोत घाण नको."

"कोणी सांगितलं होतं तुला?"

"सांगायला कशाला हवं? बहिणीसाठी एवढंही करू नये?"

ताई दगडांपाशी उकिडवी बसली. चाकांनी घासून पाडलेल्या चाकोऱ्या त्यांवर होत्या, बोट बुडेल एवढ्या खोल. एका दगडावरची चाकोरी पैलतीराकडे, शेजारच्याची प्रवाहाबरोबर, तिसऱ्याची थेट पुलाच्या खांबात.

"इथून गाडी गेली असती ना, तर एक चाक पलीकडे, दुसरं समुद्रात आणि गाडीवान मधे बोंबलत!" ताई म्हणाली.

कामावरची माणसं हसली. भाऊही हसायला गेला, पण ताईचं तोंड बघून गप्प झाला.

"अरे, ढिगारा होता तसा ठेवला असतास तरी कुठला दगड कुठून निघाला ते थोडंफार कळलं असतं. चिकटलेली मातीसुद्धा धुऊन टाकलीस! आधी हातपाय मोडायचे आणि मग नटवून बसवायचं!"

तेवढ्यात भावाच्या मोबाइलवर पुलाचं काम बघणाऱ्या साहेबांचा फोन आला, त्यांना ताईशीच बोलायचं होतं. त्याने तो निमूट ताईच्या हातात दिला.

"मॅडम, पोरांनी फार मनापासून केलंय हो. तुम्ही एवढंच लिहा, पुराने दगड विस्कटले होते, आम्ही नीट लावले. म्हणजे कुणालाच त्रास नाही."

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "साहेब, किती पूर आले नि गेले, ह्या नदीने हे दगड जागचे हलवले नाहीत. ते तुमच्या यंत्राने केलं. आणि आळ नदीवर? तिला तोंड नाही म्हणून?"

तिने फोन बंद करून भावाच्या हातात कोंबला. भावाने तिला बाजूला घेतलं.

"ताई, यंत्र मीच लावलं होतं. असली जुनी फरशी लागल्यावर काम थांबवायचं असतं. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, दगडच आहेत, चालू दे. तू यंत्र लिहिलंस तर घरी मी बसणार, ते नाही."

"ठाऊक आहे मला. त्यांनी काय सांगितलं तेही लिहीन. पण पूर लिहिणार नाही. आता बोल, यंत्र कुठून लावलंस?"

त्याने लांबून बघणाऱ्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग तो दगडांच्या कडेकडेने पाण्यापर्यंत गेला.

"इथून. इथून वर उकरत आलो."

"आणि पाण्यातले?"

"तिथवर यंत्राची बकेट पोचली नाही."

ताईने चपला काढल्या आणि ती तडक पाण्यात शिरली. गुडघाभर पाण्यात गाळाखाली पायाला दगड लागला, त्यापुढे दुसरा. अंगठ्याला चाकोरी सापडली. ती एका दगडावरून दुसऱ्यावर न तुटता सरळ पैलतीराकडे जात होती.

"उद्याचं काँक्रीट इथवर येणार?"

"येणार."

"मग बघत काय बसलास? टेप धर. ताणून धर! आणि असा हसू नकोस, माझा राग गेलेला नाही."