आकाशाला आवतण

निंगोल चाकौबाच्या सकाळी आकाश जेवायला आलं आणि चाओबीच्या अंगणात, बांबूच्या शेंड्याएवढ्या उंचीवर बसलं.

आपल्याकडे भाऊबीज असते त्याच दिवशी मणिपुरात हा सण असतो. लग्न झालेल्या मुली माहेरी जेवायला जातात. आधी भाऊ येऊन पानसुपारीचं आवतण देऊन जातो. आवतणावाचून त्या दिवशी माहेरचा उंबरा चढायचा नाही, अशी चाओबीच्या घरची रीत. चाओबीला भाऊ नव्हता आणि आता माहेरही नव्हतं. लोकताक तलावात गवताची जाड, तरंगती बेटं असतात. तसल्याच एका बेटावर तिच्या बापाची झोपडी होती. ती लग्न होऊन मोइरांगला आली त्याच वर्षी ते बेट सुटलं आणि झोपडीसकट, आईबापासकट वर गेलं. बुडालं नाही, वर गेलं. काठावरच्या कोळ्यांनी पाहिलं होतं. दावं तोडून होडीही मागोमाग गेली म्हणे.

तेव्हापासून चाओबीचा नेम होता. सकाळी आंघोळ झाली की ओल्या केसांनी अंगणात उभं राहून सोरारेनला पाणी द्यायचं आणि मगच चूल पेटवायची. सोरारेन म्हणजे मैतेई लोकांचा आकाशदेव. पाऊस त्याचा, वीज त्याची. जे वर गेलं ते त्याच्याचकडे असणार, एवढं तिला ठाऊक होतं. ती त्याला पाबुंग म्हणायची, म्हणजे बाबा. इतक्या वर्षांत तिने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. यंदा मात्र शेजारणी आपापल्या भावांच्या आवतणांबद्दल बोलायला लागल्या आणि तिला राहवलं नाही. तिने केळीच्या पानात पानसुपारी बांधली, अंगणात ठेवली आणि हळूच म्हणाली, "पाबुंग, हे घ्या आणि कुणाच्या तरी हाती मला पाठवा. एकदाच. मला तिथे जेवायचंय."

दुपारी पुडी जागेवर नव्हती.

पण पानसुपारी ज्याच्या हाती पडते, पाहुणा तो होतो. चाओबीला हे कळायला हवं होतं. सासूबाईंना मात्र वर बघताक्षणी कळलं.

"एक पाहुणा बोलावलास, तोही अंगणात न मावणारा," त्या म्हणाल्या.

"चुकून झालं, इमा. मला बोलावणं हवं होतं."

"चुकून दिलेलं आवतण आवतणच असतं. आता वाढ. तो 'पुरे' म्हणेपर्यंत थांबायचं नाही. आणि दिवस मावळायच्या आत पाहुणा आपल्या घरी गेला पाहिजे, नाहीतर इथलाच होऊन बसायचा."

चाओबीने केळीचं पान मांडलं. वरून एक म्हातारा हात खाली आला, पांढऱ्या बाहीचा, मनगटापर्यंत ओला. त्याने पान उचलून वर घेतलं. मग दूर कुठेतरी गडगडावं तसा चावण्याचा आवाज येऊ लागला. मासळीचा रस्सा गेला, भात गेला, कमळाच्या देठांची भाजी गेली. जेवताना माणूस सैल होऊन बसतो, तसं आकाश दर वाढपाला थोडं खाली येत होतं. चाओबीचा नवरा गौरमणी मासे कापायला बसला होता. आधी त्याने मान वाकवली, मग पाठ. कोंबड्या बसल्या बसल्याच चालत होत्या.

शेजारची पिशक कुंपणाखालून रांगत आली. "इचे, अगं ताई, तुझे बाबा माझ्या छपरावर कोपर टेकून बसलेत."

"उठतील आता."

"माझा भाऊ न्यायला आलाय, त्याला घर सापडेना. जरा कमी वाढ की!"

"कमी कसं वाढू गं? पाहुणे आहेत."

पिशकने कपाळावर हात मारला, घरी गेली आणि आपलं भाताचं पातेलं पुढे ढकलत परत आली. "घे. जाऊ दे त्यांना लवकर."

कमळाच्या देठांची भाजी पुन्हा वाढली, तेव्हा सोरारेन पहिल्यांदा बोलला.

"अशीच चव माझ्याकडे एकीच्या हाताला आहे."

चाओबीची पळी थांबली. "झोपडीत राहते ती?"

"हो. होडी दाराशी बांधलेली असते. म्हातारा दिवसभर जाळं विणतो."

"ती काय म्हणते?"

"मीठ संपलंय म्हणते."

"आणि मुलीबद्दल?"

"रोज सकाळी खालून पाणी येतं म्हणते. त्याला ओल्या केसांचा वास येतो."

चाओबीने पदराने डोळे टिपले. "मला बोलवा ना, पाबुंग."

"आज मी पाहुणा आहे. पाहुण्याने यजमानाला बोलवायचं नसतं," सोरारेन म्हणाला. "भात आहे का अजून?"

भात होता, थोडाच होता. ऊन पिवळं झालं होतं. आकाश आता इतकं खाली होतं की सासूबाई ओसरीवर आडव्या होऊन सांगत होत्या, "तळाचं खरवडून घे, चाओबी! रस्सा दे त्यावर!" पान खालून दिसेनासं झालं होतं. चाओबीने पळी पुढे धरून हात आकाशात घातला. आत गार होतं. मग खांदे, मग डोकं. तलावाच्या गवताचा वास आला, कुजका आणि गोड, आणि तिला लहानपणी या वासातच झोप लागायची हे आठवलं. पान अजून थोडं पुढे होतं.

"चाओबी," गौरमणी खालून म्हणाला, "पाय तरी बाहेर ठेव." त्याने तिचा घोटा धरला होता.

"धरून ठेवा हं," ती म्हणाली आणि पुढे सरकली. भात वाढला, त्यावर रस्सा घालायला पळी वाकवली.

"पुरे," सोरारेन म्हणाला, आणि उठला.

घोट्यावरची पकड आधी घट्ट झाली, मग ओली झाली, मग नव्हतीच. खाली कुंपणं सुटी झाली, कोंबड्या उभ्या राहिल्या, पिशकचा भाऊ तिच्या दारापर्यंत पोचला. गौरमणी हात तसाच वर धरून उभा होता. दिवस मावळायच्या आत पाहुणा घरी गेला होता.

चाओबीच्या पायाखालचं गवत हलत होतं. समोर झोपडी होती. चुलीचा धूर छपरातून निघत होता. होडीत जाळं पडलेलं होतं, अर्धं विणलेलं.

आतून आईचा आवाज आला, "कोण गं?"

उंबरा एका पावलावर होता. तिला कुणी बोलावलं नव्हतं. चाओबी ओल्या गवतात उभी राहिली आणि तिच्या हातातल्या पळीतला रस्सा थेंबाथेंबाने खाली, सासरच्या अंगणात पडू लागला.