दोन कुलपांचं कपाट

"आधी तुमचं उघडा."

"का? आमचंच का आधी? तुमच्या हाताला काय लकवा भरलाय?"

दर मंगळवारी हे भांडण ठरलेलं. नर्सबाई औषधांची पेटी घेऊन पुलाजवळच्या खोलीत यायची आणि कपाट उघडायच्या आधी अर्धा तास शिव्या ऐकत बसायची. कपाट एकच, ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या आळ्यांना मिळून दिलेलं. पहिल्याच वर्षी वरच्या आळीनं खोकल्याच्या सगळ्या बाटल्या उचलून नेल्या, तर खालच्या आळीनं तापाच्या गोळ्या लंपास केल्या. मग पंचांनी अक्कल पाजळली. कपाटाला आडवी लोखंडी पट्टी, पट्टीच्या दोन्ही टोकांना कड्या, दोन्ही कड्यांना कुलपं. एक किल्ली वर, एक खाली. दोन्ही कुलपं निघाली तरच पट्टी निघणार, आणि कुठलं आधी काढायचं यावरून जीव द्यायला दोन्हीकडची माणसं तयार. औषध हातात पडेपर्यंत निम्म्यांचा ताप आपणहून उतरायचा.

ती पट्टी केली लोहारानं आणि त्याच्या बायकोनं. तो सांडशीत लोखंड धरायचा, ती घण घालायची. लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. लोहारीण माहेरची वरच्या आळीची, सासरची खालच्या आळीची. त्यामुळे मारामारी कुठलीही असो, फुटलेल्यांत एक तरी डोकं तिच्या नात्यातलं निघायचंच. वरची किल्ली तिच्या सख्ख्या भावाकडे, गवंड्याकडे. खालची तिच्या चुलतसासऱ्यांकडे.

पट्टी ठोकली त्या दिवशी नवऱ्यानं तिच्या माहेराचा उद्धार केला होता. तिनं रागानं घण खाली टाकला, आणि पुन्हा उचलेपर्यंत खालच्या आळीच्या कडीची खीळ गार पडली होती. तिनं ती तशीच ठोकून बसवली. गार लोखंडावरचं काम वरून पक्कं दिसतं, आतून चिरलेलं असतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण ती कुणाला बोलली नाही. मनात म्हणाली, खड्ड्यात गेली यांची पट्टी आणि खड्ड्यात गेली यांची कुलपं.

या मंगळवारी मात्र आरोग्य खात्याचे साहेब आले होते. काखेत नकाशा, कपाळावर घाम. आता नुसतं कपाट नाही, पक्कं आरोग्य केंद्र व्हायचं होतं, औषधाच्या दुकानासकट. जागा गावानं एकमतानं सांगायची होती. एकमतानं! त्या भल्या माणसाला कुणी तरी आधी सावध करायला हवं होतं. बाहेर उन्हानं काळी माती हातहात तडकली होती, वारा धुळीचे लोट आत ढकलत होता, आणि एवढ्याशा खोलीत दोन्ही आळ्या घामेजून, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या.

"सगळ्यांच्या सोयीची जागा कोणती?" साहेबांनी विचारलं.

"खालची आळी," लोहार म्हणाला. "म्हातारी माणसं सगळी खाली राहतात. चढ चढता चढता निम्मी वाटेतच बसतात."

"खाली पावसाळ्यात पाणी शिरतं," गवंडी म्हणाला. "गोळ्यांना पोहायला शिकवणार का?"

"तुला बांधकाम हवंय, म्हणून तू वर ओढतोयस."

"आणि तुझं काय? बहीण दिली तुला, आता केंद्रही देऊ?"

लोहार उठला. "तिचं नाव काढू नकोस. जीभ हासडीन."

"अहो, बसा खाली," लोहारीण मागून ओरडली. "दादा, तू तरी गप्प बस!"

गप्प बसतील तर ते मेहुणे कसले! गवंड्यानं कमरेची किल्ली सोडली. "घ्या औषध! घ्या!" म्हणत त्यानं ती खिडकीतून पुलाखालच्या डोहात भिरकावली.

लोहारानं त्याची मानगूट धरून त्याचं तोंड भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. गवंड्याचा दात पडला, पांढऱ्या भिंतीवर लाल ओघळ आला. त्याचा हात चाचपडत कोपऱ्यातल्या फावड्यावर गेला. साहेबांना जागा आखून दाखवायला ते फावडं आणलेलं. त्याला धार मागच्या आठवड्यात लोहारानंच लावून दिली होती, आणि लोहाराची धार कधी बोथट नसायची. फावडं लोहाराच्या मांडीत रुतलं.

मग काही विचारू नका. काठ्या निघाल्या, दगड आले. एकाचं कपाळ फुटलं, एकाचा खांदा निखळला, पुलावर दोघे एकमेकांचं नरडं धरून बसले. साहेब नकाशा डोक्यावर धरून टेबलाखाली शिरले.

नर्सबाईनं लोहाराची मांडी दोरीनं आवळली आणि जखमेवर दोन्ही हात दाबून धरले. रक्त तिच्या बोटांतून उसळत होतं.

"ताई, हे थांबत नाही. शीर तुटलीय. टाके घालायचं सामान कपाटात आहे. लवकर करा, नाही तर माणूस हातचा जाईल."

लोहारीण कपाटाकडे धावली. चुलतसासरे कपाटाला पाठ लावून उभे होते, खालच्या कुलपावर पंजा घट्ट धरून.

"मामंजी, उघडा."

"उघडतो की. पण आधी त्यांचं."

"त्यांची किल्ली डोहात गेली!"

"मग डोहात उतरा म्हणावं. आपलं आधी काढलं तर आपला हक्क गेला समज."

"तुमचा पुतण्या मरतोय, मामंजी!"

म्हाताऱ्यानं लोहाराकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण चार वर्षांची खोड ती. पंजा काही कुलपावरून निघेना.

लोहारीण दगडांच्या वर्षावातून पलीकडच्या भट्टीवर गेली आणि घण घेऊन आली. वाटेत एकानं तिला अडवलं. कोणत्या आळीचा होता हे तिनं पाहिलंही नाही, घणाचा दांडा त्याच्या पोटात घातला. आजवर ती मामंजींसमोर मान वर करून बोलली नव्हती. आता तिनं घण खांद्यावर घेतला.

"हात काढा."

"सूनबाई, अगं..."

"हात काढा, मामंजी. मी तिसऱ्यांदा सांगायची नाही."

तिनं घण घातला. म्हाताऱ्यानं हात ओढला, पण दोन बोटं घणाखाली सापडली. तो असा किंचाळला की बाहेरची मारामारीसुद्धा क्षणभर थांबली. लोहारीण थांबली नाही. तिची नजर होती त्या गार ठोकलेल्या खिळीवर. दुसऱ्या घावाला खीळ कडकन तुटली, कडी कुलपासकट खाली पडली. मग मोकळ्या टोकाच्या मागं दांडा घालून तिनं पट्टी अशी पिळली की वरच्या आळीची कडी पत्रा फाडून बाहेर आली.

नर्सबाईनं तिथंच जमिनीवर शीर शिवली. लोहारीण नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, तोंडानं त्याला शिव्या देत होती आणि रडत होती. रक्त थांबलं तेव्हाच तिच्या शिव्या थांबल्या.

त्यानंतर रांग लागली. मामंजींची बोटं, वरच्यांची कपाळं, खालच्यांचे खांदे. एकाच कपाटातला कापूस, एकच बाटली, आणि आधी कोण म्हणून त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यात शेवटी गवंडी आला, तोंडावर हात दाबून. बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कापसाचा बोळा त्याच्या हातात कोंबला आणि तोंड फिरवलं. वर्षभर ती त्याच्याशी बोलली नाही.

महिन्याभरानं साहेबांचं पत्र आलं. गावात एकमत नसल्यामुळे आरोग्य केंद्र आणि औषधाचं दुकान डोंगरापलीकडच्या गावाला मंजूर झालं होतं. पत्र वाचून वरची आळी म्हणाली, बरं झालं, खाली तर नाही गेलं. खालची आळी म्हणाली, बरं झालं, वर तर नाही गेलं. लोहार लंगडत भट्टीवर यायला लागला. नर्सबाईनं कपाट पुन्हा भरलं, पण दार आता नुसतं लोटलेलं असायचं. नवी पट्टी करायला पंच लोहाराकडे आले, तेव्हा बायकोनं आतून विचारलं, "कोण आलंय हो?" ते पाणीही न पिता परत गेले.

पुढच्याच मंगळवारी मामंजी गुडघ्याच्या दुखण्याची गोळी घ्यायला आले. लोहारीण खोली झाडत होती. म्हातारा कपाटापुढे उभा राहिला, वाकडी झालेली बोटं दारापर्यंत नेली आणि तिथंच थांबला. मान वळवून पुलाकडे बघत राहिला. वरच्या आळीचं कुणी येतंय का, त्याची वाट बघत होता.

"उघडा, मामंजी," ती म्हणाली. "आज घण घरी आहे."