भाल्यांच्या जोखडाखालून

आमचं सैन्य कॉडियमच्या खिंडीत अडकल्याची बातमी आली, तेव्हा बाबांनी लोहाराच्या दारात सगळ्यांना ऐकवलं, "माझा न्युमेरिअस शत्रूपुढं मान तुकवायचा नाही. मेला असेल तर लढून मेला असेल."

पण खिंडीत लढाई झालीच नाही. शत्रूच्या साम्नी लोकांनी खिंडीची दोन्ही तोंडं बंद केली आणि शरण आलेल्या रोमच्या साऱ्या फौजेला भाले बांधून केलेल्या जोखडाखालून गुरांसारखं वाकवून बाहेर काढलं. हत्यारं गेली, अंगावर एकेक सदरा उरला.

माझा भाऊ न्युमेरिअस एका दुपारी परसातून आला, अनवाणी. मी रडतच लापशी वाढली. बाबा जागचे हलले नाहीत.

"एवढे हजारो होतात. एकालाही तलवार उपसता आली नाही?"

"कुणावर उपसायची, बाबा? ते वर कड्यावर होते. आम्ही खाली उपाशी."

"मग उपाशी मरायचं."

न्युमेरिअसनं वाडगा खाली ठेवला.

तेवढ्यात शेजारच्या साल्विया काकू धावत अंगणात आल्या. "ओपितेर भाऊजी! आमचा कैसो आला हो! वाळून नुसता काटा झालाय, पण आला! तुमचा?"

बाबा दार अडवून उभे राहिले. "नाही. आमचा नाही आला."

मी आत होते. बोलायला हवं होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता.

काकू मटकन खाली बसल्या. "अगं बाई! केवढं गुणी पोर! माझ्या विहिरीत उतरून गाळ काढला होता त्यानं..." आणि त्या छाती पिटून रडू लागल्या.

न्युमेरिअसनं बाबांना हलकेच बाजूला सारलं. "काकू, रडू नका. आलोय मी."

काकूंनी त्याचा चेहरा चाचपला, मग बाबांकडे पाहिलं. पदरानं डोळे पुसले आणि त्याला हाताला धरून आपल्या घरी जेवायला घेऊन गेल्या.

त्या दिवसापासून बाबा लोहाराकडे बसायला गेले नाहीत. काकू दिसल्या की गोठ्यात शिरायचे.

वर्ष सरायच्या आत खिंडीतून सुटण्यासाठी केलेला तह मोडला आणि पुन्हा सैन्यभरती निघाली. न्युमेरिअस निघाला तेव्हा बाबा त्याची नवी ढाल उचलून शिवेपर्यंत मागे मागे चालले. तिथं खाली मान घालून म्हणाले, "कसाही ये. पण ये."

भावानं ढाल घेतली. ती पाठीला अडकवून तो वाटेला लागला.